आजोबांची इटालियन रायफल
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझी ओळख करून देताना 'देशसेवा' हा शब्द तीन वेळा आला. मी मोजत होतो. तेव्हा आधी एक गोष्ट साफ करतो. मी फौजेत आर्मरर होतो. म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. सीमेवर बर्फात उभे राहिले ते जवान वेगळे. त्यांच्या हातातली रायफल ऐनवेळी अडकू नये, एवढंच माझं काम. आपल्या गावात सायकलच्या दुकानातला माणूस जे करतो तेच मी केलं, फक्त सायकलऐवजी रायफल.

समितीने मला 'सैनिकी जीवनातील अनुभव' असा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी गेल्या पावसाळ्यातली एक हकिगत सांगणार आहे. ती आपल्याच वर्गातल्या एका मित्राची आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. तो समोर बसलाय आणि आत्ताच मान खाली घातलीय, म्हणजे तुम्हाला कळेलच.

त्याचे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत गेले, इटालियन फौजेशी लढले आणि येताना शत्रूची रायफल घेऊन आले, असं त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगतात. शाळेत असताना आम्हीही ऐकलं होतं. गुंजवणीच्या पलीकडे त्यांच्या घरी गेलो की माळ्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "वर इटलीची बंदूक आहे." बघायला कधी मिळाली नाही. आजोबांनंतर परवाना त्याच्या वडिलांच्या नावावर झाला. वडील गेल्यावर रायफल नियमाप्रमाणे पुण्यात एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली होती. आता वारस म्हणून ती आपल्या नावावर करून घ्यावी, असं याच्या मनात आलं. भाताच्या खाचरांत रानडुकरं किती धुमाकूळ घालतात हे इथल्या कुणाला सांगायला नको.

त्याने अर्ज केला आणि हत्याराच्या वर्णनात मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'इटालियन लष्करी रायफल, युद्धात मिळालेली.' झालं! जुन्या परवान्यावर एक वर्णन, अर्जात दुसरंच. त्यात आपल्याकडे .३०३ सारखी लष्करी बोअरची रायफल साध्या नागरिकाला मिळत नाही, ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते. अर्ज अडला. मग रात्री साडेदहाला मला फोन. "अरे, तू बंदुकांतला ना? येऊन एकदा बघ. पलटणीची आहे की शिकारीची एवढं सांग."

आता पलटणीची आणि शिकारीची यात फरक काय, आणि तो ओळखायचा कसा, हे सांगायला मला फार आवडतं. घरी कुणी ऐकत नाही. तुम्ही सापडलात.

इटलीच्या फौजेची त्या काळातली रायफल म्हणजे कार्कानो. तोरिनोच्या शस्त्रागारातल्या कार्कानो नावाच्या कारागिराच्या बोल्टवरून हे नाव पडलं. मॉडेल १८९१ चं. पहिल्या महायुद्धात तीच, आबिसिनियात तीच, दुसऱ्या महायुद्धातही तीच. मूळची लांब रायफल जवळजवळ १२९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट. काडतूस साडेसहा मिलिमीटरचं. १९३८ मध्ये त्यांनी ७.३५ मिलिमीटरची आखूड रायफल काढली, पण युद्ध तोंडावर आल्यावर दोन प्रकारची काडतुसं पुरवणं जमेना, म्हणून १९४० मध्ये तीच आखूड रायफल पुन्हा साडेसहात बनवायला लागले.

या रायफलीची एक खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. तिच्यात काडतुसं एकेक करून भरत नाहीत. सहा काडतुसं धातूच्या एका चिमट्यासारख्या क्लिपमध्ये बसवलेली असतात आणि क्लिपसकट मॅगझिनमध्ये दाबतात. क्लिप आतच राहते. शेवटचं काडतूस वर नळीत गेलं की रिकामी क्लिप मॅगझिनच्या तळाच्या भोकातून खाली पडते. क्लिपला वर-खाली नाही, कशीही घाला. अंधारात, घाबरलेल्या हातांनी भरायला ही सोय चांगलीच. आमची एन्फील्ड वेगळी. तिच्यात पाच काडतुसांची पट्टी वरून लावायची, अंगठ्याने काडतुसं आत ढकलायची आणि पट्टी फेकून द्यायची.

युद्ध संपल्यावर अशा लाखो रायफली शिल्लक राहिल्या. व्यापाऱ्यांनी त्या घाऊक घेतल्या आणि अमेरिकेत टपालाने विकल्या. शेतकऱ्याने, शिकाऱ्याने स्वस्तात रायफल घ्यायची आणि घरामागच्या शेडमध्ये करवत लावायची. पुढचं लाकूड कापायचं, संगीन लावायची जागा काढून टाकायची, नळी तोकडी करायची, वर दुर्बीण बसवायची. याला स्पोर्टराइज करणं म्हणतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. चार किलोचं ओझं खांद्यावर घेऊन हरणामागे कोण फिरणार? पण कापलेल्यांपैकी निम्म्या तरी दिसायला भयंकर, हे माझं मत.

ओळखायचं झालं तर आधी लाकूड बघायचं. फौजी रायफलीचं लाकूड नळीच्या तोंडाजवळपर्यंत जातं आणि पुढे लोखंडी टोपी असते. शिकारीच्या रायफलीचं लाकूड अर्ध्यावर संपतं. पण अर्ध्यावर संपलेलं लाकूड कारखान्यातच तसं घडवलंय की नंतर कापलंय, हे त्याच्या टोकाशी आणि बाजूला बघून कळतं. फौजी लाकडाला नळीभोवतीची कडी अडकवायला पोलादी स्प्रिंग असते आणि तिच्यासाठी लाकडात लांबट खाच असते. करवत चालवणारा टोक छान गोल करतो, पॉलिश मारतो, पण ही खाच विसरतो. कडी गेली, स्प्रिंग गेली, खाच राहिली! मला तर ती खाच दिसली की पाटी पुसल्यावर राहिलेल्या अक्षरांची आठवण येते.

मग मागची साइट. लांब फौजी रायफलीवर दोन हजार मीटरपर्यंतचे आकडे असतात. ते एका जवानाने नेम धरून मारण्यासाठी नव्हते, सगळ्या पलटणीने मिळून दूरच्या घोळक्यावर मारा करण्यासाठी होते. रानडुकरावर दोन हजार मीटरवरून कोण मारतो? १९३८ च्या आखूड रायफलीवर साइट ठरावीक अंतराचीच, हलत नाही. त्यानंतर नळीचं तोंड भिंगाने बघायचं. कारखान्याची कड एकसारखी गोल, घरी कापलेलीवर कानशीचे ओरखडे. बोल्टचा दांडा बघायचा. लांब रायफलीचा सरळ, घोडदळाच्या आखूड कार्बाइनचा खाली वाकवलेला. पण सरळ दांडा भट्टीत तापवून नंतर वाकवला असेल, तर रंगावरून आणि वळणावरून लोहारकाम कळतं. वरच्या बाजूला दुर्बिणीसाठी भोकं पाडली आहेत का तेही बघायचं. शेवटी शिक्के. नळीच्या मुळाशी कारखान्याचं नाव असतं, तेर्नी, ब्रेशिया असं काही. वर्ष असतं, आणि अक्षर व आकडे मिळून क्रमांक असतो. लाकडावरचा आणि नळीवरचा क्रमांक जुळला तर बहुधा दोघं जन्मापासून एकत्र आहेत.

आणि इथेच शहाणा माणूस फसतो. कापलेली म्हणजे शिकारीचीच, असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर इटालियन फौजेने स्वतःच आपल्या लांब रायफली कापून कार्बाइन केल्या. त्यांना ९१/२४ म्हणतात. नळीवर वर्ष महायुद्धाचं, साइटची बैठक लांब रायफलीचीच मोठी, अंग मात्र तोकडं. करवत फौजेची, शिक्काही फौजेचा, आणि ती पुन्हा फौजेतच गेली. म्हणजे कापली का हा प्रश्न अपुरा आहे. कुणी कापली, हे विचारायला हवं.

कापल्याने आणखी एक नुकसान झालं. कार्कानोच्या नळीतले आटे सुरुवातीला सैल असतात आणि तोंडाकडे जाता जाता घट्ट होत जातात. गोळीला हळूहळू फिरकी मिळावी अशी ती योजना होती. तुम्ही तोंडाकडचा भाग कापलात, की सगळ्यात घट्ट आटेच गेले. लांब रायफल नीट मारते आणि तिचीच कापलेली बहीण भरकटते, याचं एक कारण हे. दोष मात्र इटालियन कारागिराच्या नावावर जमा झाला.

कार्कानो जगभर गाजली ती दुसऱ्याच कारणाने. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या इमारतीत जी रायफल सापडली, ती पहिल्यांदा पाहणाऱ्या पोलिसांतल्या काहींनी चक्क ७.६५ ची मॉझर म्हणून सांगितली. ती होती १९४० सालची, तेर्नीच्या कारखान्यातली, साडेसहाची कार्कानो, क्रमांक सी २७६६. लाकूड, साइट, सगळं फौजी, फक्त वर एक जपानी दुर्बीण चढवलेली. टपालाने मागवलेली होती, दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट. गंमत म्हणजे ज्या जाहिरातीवरून ती मागवली, तिच्यात लांबी ३६ इंच होती. आली ती चाळीस इंचांची. या चार इंचांवरून अमेरिकेत अजून वाद घालणारे लोक आहेत. व्यापाऱ्याने कार्बाइनच्या जाहिरातीवर आखूड रायफल पाठवली, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही. पण पट्टी लावून मोजणं किती कामाचं आहे ते बघा. आणि पहिल्या नजरेत नाव सांगून मोकळं होऊ नये, हेही.

तर पट्टी, टॉर्च आणि भिंग घेऊन मी मित्राबरोबर पुण्याला गेलो. नसरापूरपर्यंत तो आजोबांबद्दलच बोलत होता. दुकानदाराने कपाटातून रायफल काढली, बोल्ट उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि टेबलावर ठेवली.

मला दोन सेकंदात कळलं. तरी मी दहा मिनिटं घेतली, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मॅगझिन सुटं निघणारं. तळाला भोक नाही. बोल्टचा दांडा मागच्या बाजूला, आपल्या एन्फील्डसारखा. कार्कानोत दांडा पुलाच्या फटीतून पुढे जाऊन बसतो, तसं काही नाही. लाकूड अर्ध्यावर संपलेलं, पण त्याला खाच नाही, कानशीचा ओरखडा नाही. म्हणजे हे लाकूड कापलेलं नव्हतंच, जन्मतःच एवढं होतं. आणि शिक्का स्पष्ट, आर.एफ.आय. रायफल फॅक्टरी, इशापूर. कोलकात्याजवळचा आपला सरकारी कारखाना. बोअर .३१५.

ही .३१५ म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आपल्या तालुक्यात परवान्याच्या रायफली असतील तर त्यात या असणारच. इंग्रजांना भारतीय नागरिकाच्या घरी फौजेचं .३०३ काडतूस चालेल अशी रायफल नको होती. म्हणून एन्फील्डचीच यंत्रणा, पण काडतूस वेगळं, असा तोडगा निघाला. स्वातंत्र्यानंतर इशापूरला त्याच धर्तीवर शिकारीची रायफल बनत राहिली. म्हणजे आपल्याकडे शिकारीची रायफल करायला करवत लागली नाही, कायद्याने आणि काडतुसाने ते काम केलं. आता या काडतुसाची कुंडली ऐका. ते मूळचं ऑस्ट्रियाच्या फौजेचं, मॅन्लिशर रायफलीचं. पहिलं महायुद्ध हरल्यावर ऑस्ट्रियाच्या त्या मॅन्लिशर मोठ्या संख्येने इटलीच्या हाती आल्या आणि इटलीने त्या आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींच्या पलटणींना दिल्या. म्हणजे जे काडतूस आपल्याकडे रानडुकरासाठी, ते तिकडे आपल्याच जवानांवर झाडायला. म्हणून हात जोडून सांगतो, आकडा जुळतो म्हणून कुठलंही जुनं काडतूस कुठल्याही जुन्या रायफलीत घालून बघू नका. रायफल फुटली तर पहिला जातो तो नेम धरणाऱ्याचा चेहरा.

मी मित्राला सांगितलं. "अरे, ही इटलीची नाही. इशापूरची आहे. शिकारीची म्हणूनच बनलेली. तुझ्या अर्जाच्या दृष्टीने चांगली बातमी आहे."

तो काही बोलला नाही. दुकानदाराने चहा मागवला, तो तसाच गार झाला. येताना खेड-शिवापूरच्या पुढे आल्यावर म्हणाला, "मग आजोबा खोटं बोलले?"

याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. एक मात्र मला आधीपासून ठाऊक होतं. लढाईत हाती लागलेली हत्यारं जमा करावी लागतात. साध्या शिपायाने पकडलेली रायफल खांद्यावर टाकून बोटीतून मुंबईला उतरणं आणि तिथून विंझरला येणं, हे होण्यासारखं नव्हतंच. मी लहानपणीच हे ओळखायला हवं होतं, पण लहानपणी आपण असलं ओळखत नाही, आणि बरंच करतो.

त्याच्या घरी गेलो. वहिनींनी भाकरी केली होती. जेवण झाल्यावर मी म्हटलं, आजोबांचे कागद असतील ते दाखव. पत्र्याची पेटी निघाली. आत पलटणीचं डिस्चार्ज बुक, वाळवीने अर्धं खाल्लेलं. एका रुमालात पदकं. त्यातल्या एका सहा टोकांच्या चांदणीची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध तांबडी पट्टी. आफ्रिका स्टार. हे पदक इरिट्रिया-आबिसिनियाच्या मोहिमेतल्या जवानांनाही मिळालं होतं. डिस्चार्ज बुकाच्या उरलेल्या भागात पलटण वाचता आली, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ही बटालियन मार्च १९४१ मध्ये केरेनला होती. केरेन इरिट्रियात, चहूबाजूंनी उभे कातळडोंगर, वर इटालियन फौज मोर्चे धरून बसलेली. राजगडाची चढण माहीत असलेल्या माणसाला मी जास्त सांगत नाही, फक्त वरून मशीनगन चालू आहेत असं समजा. तिथली फ्लॅट टॉप नावाची टेकडी मराठ्यांनी घेतली. २७ मार्चला केरेन पडलं.

मित्राने पेटीच्या तळातून जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्यांची गड्डी काढली. पावत्या घडी घालून एका पिवळ्या पत्र्याच्या चिमट्यात खोचल्या होत्या. तो पावत्या उलगडायला लागला. मी म्हटलं, "थांब. पावत्या राहू दे. तो चिमटा दे."

पितळेची क्लिप होती. दोन्ही बाजूंना आत वळलेल्या कडा, वर-खाली सारखीच, पाठीवर बारीक शिक्का. आमच्या एन्फील्डची पट्टी अशी नसते, ती पाच काडतुसांची आणि उथळ. ही सहाची. मी पट्टी लावून मोजलं, पण मोजायची गरज नव्हती. फौजेत एका पलटणीच्या संग्रहात मी ती हातात धरलेली होती. कार्कानोची क्लिप. इटालियन शिपायाने सहावं काडतूस वर चढवलं तेव्हा त्याच्या रायफलीच्या तळातून खाली पडलेली.

आजी त्यात पावत्या ठेवायच्या. मित्राच्या आईंना, त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, विचारलं तर म्हणाल्या, "ते व्हय? ते मामंजींनी लढाईतनं आणल्यालं. इटलीच्या बंदुकीतलं."

बंदुकीतलं. मित्राने दोनदा विचारून घेतलं. आजोबा बंदूक आणली असं कधी म्हणाले होते का? आईंनी थोडा विचार केला. "ते न्हाई म्हणायचं तसं. बंदूक त्यांनी मागनं घेतली, डुकरं यायला लागली तवा. पोरंच म्हणायची इटलीची म्हणून."

पोरं म्हणजे याचे वडील, चुलते, आणि पुढे हा स्वतः. आणि त्याच्याकडून ऐकून शाळेभर सांगणारा मी.

अर्ज त्याने दुरुस्त करून दिला. वर्णन आता परवान्याप्रमाणे आहे, इशापूर, .३१५, शिकारीची. निकाल यायचा आहे. परवाना मिळाला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, हे त्याला मी बजावून ठेवलंय. डुकरासाठी आधी वनखात्याकडे जायचं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

अजून कुणाच्या घरी असं काही असेल, पदक, पट्टा, पत्र्याचा तुकडा, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. शिक्के जातात. आधी मला दाखवा, मी बुधवार सोडून घरीच असतो. आणि ती क्लिप बघायची असेल तर तो तिसऱ्या रांगेत बसलाय. आज खिशात घालून आणलीय त्याने. पावत्या आता रबर लावून ठेवल्यात.